नैरोबी ते अगुल्हास, आणि मग दारव्हा

आफ्रिकेचं दक्षिण टोक म्हटलं की बहुतेकांच्या तोंडी केप ऑफ गुड होपचं नाव येतं. खरं टोक आहे केप अगुल्हास, केप टाऊनहून सव्वादोनशेच्या आसपास किलोमीटर. तिथे एक दगडी खूण आहे, एका बाजूला हिंदी महासागर, दुसऱ्या बाजूला अटलांटिक. नैरोबीपासून बस, रेल्वे, मिळेल ते वाहन करत मी आणि नवरा तिथवर पोचलो, फोटो काढले, आणि आता पुढे काय, हे दोघांनाही सुचेना. जमिनीवरून इतके महिने इंचाइंचाने सरकायचं आणि मग एका रात्रीच्या विमानाने मुंबई. हा उतार फार अवघड जातो. म्हणून जाणाऱ्यांना पहिला सल्ला शेवटाबद्दलच देते: सुरुवात जितकी काटेकोर आखता, तितकाच शेवटही आखा. केप टाऊनमध्ये चार दिवस काहीही न ठरवता राहा. कपडे धुवा, हिशेब लिहून काढा, झोपा. तिथे ऑगस्टात पाऊस आणि थंडी असते, स्वेटर विकत घ्यावं लागू नये म्हणून घरूनच न्या. अगुल्हासला सार्वजनिक वाहनाने जाणं त्रासाचं आहे, तेव्हा दोनचार प्रवासी मिळून गाडी भाड्याने घ्यावी. वाटेत हर्मानसला याच दिवसांत किनाऱ्यावरूनच देवमासे दिसतात.

कागदपत्रांचं थोडक्यात. दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा भारतातूनच काढून निघा, पण त्याची मुदत आपण तिथे पोचेपर्यंत टिकेल ना, हे तारखा मोजून पाहा. केनियाला आता ऑनलाइन परवानगी लागते, टांझानियाचा ई-व्हिसा मिळतो. बाकीच्या देशांचे नियम बदलत राहतात, निघायच्या आठवड्यात पुन्हा बघा. पिवळ्या तापाची लस किमान दहा दिवस आधी घ्यायची, त्याआधी दाखला ग्राह्य धरत नाहीत. केनियातून पुढे जाताना तो पिवळा कागद मागतात, म्हणून पासपोर्टातच ठेवायचा. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा, टाळाटाळ नको. डॉलरच्या नोटा नव्या आणि न दुमडलेल्या हव्यात, जुन्या छपाईच्या नोटा खिडकीवरून परत येतात.

या प्रवासात मला सगळ्यात जास्त आवडली ती ताझारा रेल्वे. टांझानियातल्या दार-ए-सलामहून झांबियातल्या कापिरी म्पोशीपर्यंत 1,860 किलोमीटर. चीनच्या मदतीने 1970 ते 1975 मध्ये बांधलेली, झांबियाचं तांबं समुद्राला पोचावं म्हणून. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या दारव्ह्यावरून जाणारी शकुंतला ही छोटी रेल्वेही कापसासाठी घातलेली, आणि माणसं आपली तिच्यात बसून घेत. ताझाराचंही तसंच, फक्त ही धिप्पाड आणि ती चिमुकली. शकुंतला आता बंद आहे, त्यामुळे डब्यात बसल्यावर नवरा जरा जास्तच भावुक झाला होता (त्याचं बालपण दारव्ह्याच्या मोतीबाग स्टेशनाजवळ गेलंय).

जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवायचं ते असं. गाडी चालू आहे का, हे आधी दार-ए-सलामच्या स्टेशनावरच विचारा. वेळापत्रकात दोन दिवस लिहिलेले असले तरी तिसरा दिवस हाताशी ठेवा आणि पुढचं कुठलंच तिकीट तिला जोडून काढू नका. डब्यात बाया वेगळ्या, पुरुष वेगळे. जोडप्याला एकत्र राहायचं तर कप्प्यातले चारही बर्थ घ्यावे लागतात. आम्ही घेतले, पैसे गेले, पण सामान निर्धास्त राहिलं. न्येरेरे राष्ट्रीय उद्यानातून गाडी जाते तेव्हा खिडकीजवळ बसा. म्लिंबा ते मकाम्बाको हा घाट, बोगदे आणि पूल दिवसा मिळाले तर नशीब.

शाकाहाऱ्यांचे केनिया-टांझानियात हाल होत नाहीत. चपाती, राजमा, मुगाची उसळ साध्या खानावळीतही मिळते. झांबियाच्या खाली मात्र मक्याचा घट्ट गोळा, पालेभाजी आणि बाकी सगळं मांस. शेंगदाण्याची चटणी इथेच कामाला आली.

झांबियातून बोत्स्वानात जाताना काझुंगुला पूल लागतो. 2021 ला सुरू झालेला, 923 मीटरचा, आणि झिम्बाब्वेची हद्द चुकवायची म्हणून वळवून बांधलेला. पूर्वी इथे तराफ्याची फेरी होती आणि ट्रक दिवसेंदिवस अडकायचे.

टांझानियातल्या म्वांझाच्या भागातला कापूस न पाहता कुणी वऱ्हाडी माणसाने परत येऊ नये. व्हिक्टोरिया सरोवराच्या दक्षिणेला काळी जमीन, लहान लहान तुकडे, हाताने वेचणी. मे-जूनमध्ये खरेदी सुरू होते, म्हणजे आपल्याकडे पेरणीची घाई असते तेव्हा. घरी पोचल्यावर सासऱ्यांनी खर्च विचारला नाही, सिंहाचं विचारलं नाही. म्हणाले, "तिकडं वेचणीले बाया भेटतेत काय?" मी म्हटलं, मामाजी, तिथं घरचेच वेचतात, शेतंच तेवढी लहान. "मंग बरं आहे," म्हणाले, आणि किलोला भाव काय ते विचारलं. भाव मी वहीत लिहून आणला होता, म्हणून वाचले. तुम्ही शेतकऱ्याच्या घरचे असाल तर भाव, मजुरी, वाण लिहून आणा. गावातल्या ओट्यावर धबधब्यापेक्षा तेच जास्त विकतं.

परत कधी यायचं, हेही महत्त्वाचं. पेरणीच्या किंवा वेचणीच्या तोंडावर आलात तर दुसऱ्या दिवशी शेतात जावं लागेल आणि मनातलं सगळं तसंच राहील. आम्ही पोळ्याच्या आधी आलो. डवरणी-निंदण आटोपलेलं, कपाशीला पात्या-फुलं, घरच्यांना बसून ऐकायला वेळ. मुंबईहून विमानाने नागपूर गाठण्यापेक्षा रात्रीची रेल्वे घ्या, बडनेऱ्याला उतरा. तिथून एसटीने नेरवरून दारव्हा. सकाळची गाडी शाळा-कॉलेजच्या पोरांनी भरलेली असते, मोठी पाठपिशवी असेल तर नऊनंतरची पकडा.