शिट्टी डाव्या खिशात, वही उजव्या: सिक्युरिटीतला माझा अनुभव

मी मूळची जिंतूर तालुक्यातली, राहते भोसरीला, आणि चाकणच्या एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीत आहे. बऱ्याच बायका विचारतात की ट्रेनिंगला काय असतं, जमेल का, घरचे काय म्हणतील, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

२०१८ मध्ये मी ट्रेनिंगला गेले. तोपर्यंत आयुष्यात कधी पॅन्ट घातली नव्हती. कायद्याने ट्रेनिंग १६० तासांचं असतं, १०० तास वर्गात आणि ६० तास फील्डवर, कमीत कमी २० दिवस. माजी सैनिकांना त्यात सूट आहे. बायकांना उंची १५० सेंटिमीटर लागते, ती माझी होती, पण एक किलोमीटर सहा मिनिटांत पळायचं होतं त्याची धास्ती होती. मी पंधरा दिवस पहाटे पाचला उठून मैदानावर पळाले आणि झालं ते.

खरा त्रास युनिफॉर्मचा झाला. शर्ट पुरुषांच्या मापाचा मिळाला, खांदे खाली उतरलेले, बाही मनगटाच्या पुढे आणि पॅन्ट कमरेत ढगळ. मी तसाच घालून उभी राहिले तर आमचे ट्रेनर, साताऱ्याचे रिटायर्ड सुभेदार साहेब, म्हणाले, "ताई, हात वर करा, आता खाली वाका." वाकले तर शर्ट पॅन्टीतून बाहेर. ते म्हणाले की खासगी सिक्युरिटी एजन्सींसाठी केंद्राने केलेल्या २००६ च्या मॉडेल रूल्समध्ये, म्हणजे नमुना नियमांत, लिहिलेलंच आहे, वर्दी इतकी घट्ट नको आणि इतकी सैलही नको की हातपाय हलवायला, वाकायला अडचण होईल. तोपर्यंत मला वाटायचं वर्दी म्हणजे कंपनीची शोभा. मग भोसरीतल्या टेलरकडून खांदे आणि कंबर आत घेऊन घेतली, दीडशे रुपये गेले पण त्या दिवसापासून मी सरळ उभी राहायला लागले हे मला स्वतःला जाणवलं.

त्याच नियमात बाकीचंही होतं, दंडावर एजन्सीचा बिल्ला, खांद्यावर किंवा छातीवर हुद्द्याचा बिल्ला, लॅन्यार्डला म्हणजे दोरीला बांधलेली शिट्टी डाव्या खिशात, लेसवाले बूट आणि फोटोचं ओळखपत्र कमरेच्या वर, सगळ्यात बाहेरच्या कपड्यावर, समोरच्याला दिसेल असं. थंडीत स्वेटर घातला की कार्ड आत जातं, ते बाहेर काढून लावायचं, हे खूपजण विसरतात. आमच्या बॅचमधल्या एका मुलाने हौसेने खांद्यावर पोलिसांसारखे स्टार लावले होते, साहेबांनी ते तिथल्या तिथे काढायला लावले. पोलीस किंवा लष्कराच्या वर्दीसारखं काही घातलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि नुसतं गार्डला नाही, एजन्सीच्या मालकालाही.

बांगड्यांवरून घरी बोलणं झालं. झडती घेताना काचेची बांगडी फुटली तर समोरच्या बाईला लागते, आणि बायकांची झडती बाईनेच घ्यायची असल्यामुळे ते काम रोजचं. मी सासूबाईंना हे नीट बसून सांगितलं, मंगळसूत्र शर्टच्या आत घालते म्हटलं, आणि त्यांनी ऐकलं. तेव्हापासून ड्युटीला जाताना माझ्या बांगड्या त्याच काढून डब्यात ठेवतात.

आता वहीचं. गार्डकडे वही आणि लिहायला पेन असलंच पाहिजे हेही नियमातच आहे, पण किती गार्डच्या खिशात वही दिसते सांगा. गेटचं रजिस्टर वेगळं आणि आपली खिशातली वही वेगळी. रजिस्टरमध्ये रकाने असतात, गाडी नंबर, वेळ, गेटपास नंबर. रकान्यात न बसणारं सगळं वहीत जातं.

पहिल्या दोन महिन्यांत माझ्याकडून एक मोठी चूक झाली. शिफ्टला आलेल्या एका कामगाराबद्दल मी "दारू पिऊन आला होता" असं लिहिलं. त्याने तक्रार केली आणि मला ऑफिसात विचारलं, तुम्ही तपासणी केली का? डॉक्टर आहात का? मला उत्तर देता येईना. रात्रभर झोप नाही, कारण मी खोटं लिहिलं नव्हतं. सुभेदार साहेबांना फोन केला तर ते म्हणाले, "ताई, तुम्ही काय बघितलं ते सांगा मला." मी म्हटलं तोंडाला उग्र वास येत होता, चालताना तोल जात होता, नाव विचारलं तर दोनदा अडखळला. "मग हेच लिहायचं होतं. दारू हा तुमचा अंदाज, वास हे तुम्ही पाहिलेलं." त्या दिवसापासून मी वहीत अंदाज लिहिलेला नाही.

बाकी सवयी हळूहळू लागल्या. वही घेतली की आधी पानांना नंबर टाकायचे. पान फाडायचं नाही, व्हाइटनर नाही, चुकलं तर एकच आडवी रेघ मारायची म्हणजे खालचं वाचता येतं, बाजूला सही. जागा मोकळी सोडायची नाही, नंतर कोणी काही घुसवू शकतं. जेल पेन नको, चाकणच्या पावसात शाई उतरते, मी साधा बॉलपेन वापरते आणि वही दुधाच्या धुतलेल्या पिशवीत ठेवते. वेळ चोवीस तासांची. आकडे इंग्रजीत, हे आमच्याकडे फार महत्त्वाचं, कारण घाईत लिहिलेला मराठी एक इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि मराठी चार इंग्रजी आठसारखा, माझा रिलीव्हर, म्हणजे माझ्यानंतर ड्युटीला येणारा गार्ड, एकदा गाडी नंबर चुकीचा वाचून अर्धा तास शोधत बसला होता. आणि माणसाचं वर्णन लिहिताना डोक्यापासून पायापर्यंत जायचं, चपला-बूट नक्की लिहायचे, माणूस शर्ट बदलतो पण पायातलं सहसा बदलत नाही.

२०१९ च्या जुलैमध्ये स्क्रॅप उचलायला एक टेम्पो यायचा. रिकामी गाडी आधी वजनकाट्यावर, मग भरून परत काट्यावर, मधला फरक म्हणजे मालाचं वजन. एका दिवशी मी लिहिलं, १०:२० ला गाडी आत, केबिनमध्ये ड्रायव्हर आणि दोघे, मागे निळा ड्रम, पाणी भरलेलं, वळणावर सांडलं. १२:४५ ला बाहेर, ड्रम रिकामा. कसलाही संशय नव्हता, दिसलं म्हणून लिहिलं. पुढे माझ्या ड्युटीवर ती गाडी आली की प्रत्येक वेळी तेच दिसायचं आणि मी लिहायचे, अशा अकरा फेऱ्या झाल्या. नंतर स्टोअरवाल्यांना हिशोबात फरक दिसला. २०० लिटरचा ड्रम म्हणजे २०० किलो पाणी. रिकाम्या गाडीचं वजन तेवढं जास्त दाखवायचं, आत पाणी ओतून टाकायचं, आणि दर फेरीला तेवढा माल फुकट बाहेर.

कंपनीतलंच कोणीतरी यात होतं, त्याची चौकशी फेब्रुवारी २०२० मध्ये लागली आणि मला साक्षीला बोलावलं. मी वर्दी आदल्या रात्रीच इस्त्री करून ठेवली, बुटांना पॉलिश केलं, केस घट्ट बांधले, कारण तिथे सगळे मोठ्या हुद्द्याचे लोक आणि मी गेटवरची बाई. समोरच्या बाजूने विचारलं, सात महिन्यांपूर्वीचा ड्रम निळा होता हे तुम्हाला कसं आठवतं? मी म्हटलं, "आठवत नाही साहेब, तेव्हाच लिहिलंय, वही बघून सांगते." सुभेदार साहेबांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं की कोर्टातसुद्धा साक्षीदाराला त्याच वेळी स्वतः लिहिलेलं बघून आठवण ताजी करता येते, त्यासाठी तेव्हाच्या पुरावा कायद्यात कलम १५९ होतं. आता १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ती सोय ठेवलेली आहे. मी एक एक पान उघडून तारीख आणि वेळ वाचली. पुढचा प्रश्न आला की हे सगळं नंतर बसून लिहिलेलं कशावरून? तर पानांचे नंबर सलग, मधल्या नोंदीही त्याच हातच्या, कुठे पाऊस तर कुठे ॲम्ब्युलन्स, आणि त्या रजिस्टरच्या वेळांशी जुळत होत्या. त्यानंतर मला कोणी काही विचारलं नाही.

वही त्यांनी ठेवून घेतली. मी पोचपावती मागितली, वहीची पानं किती, पहिली नोंद कुठली, शेवटची कुठली, हे सगळं तिच्यावर लिहून सही घेतली. संध्याकाळी बस स्टॉपजवळच्या दुकानातून नवीन वही घेतली आणि भोसरी येईपर्यंत बसमध्ये तिच्या पानांना नंबर टाकत बसले.