स्मॉलहाइथचं कोठार आणि ईडिथ क्रेगची पत्रं

लंडनच्या चेरिंग क्रॉसहून हेडकॉर्नपर्यंत गाडी, तिथून बसने टेंटर्डन, मग राय गावाच्या रस्त्याने तीनेक किलोमीटर. केंटमधलं स्मॉलहाइथ प्लेस असं आडवाटेला आहे. उघडण्याचे दिवस ऋतूप्रमाणे बदलतात, तेव्हा हे घर सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे खात्री करूनच निघावं. लाकडी चौकटीचं हे सोळाव्या शतकातलं घर अभिनेत्री एलन टेरीचं. मला मात्र ओढ होती तिच्या मुलीची, दिग्दर्शिका ईडिथ क्रेगची (1869–1947).

घराशेजारच्या गवताने शाकारलेल्या कोठारात ईडिथने 1929 साली रंगमंच उभा केला. आईच्या स्मृतिदिनी, 21 जुलैच्या सुमारास, दरवर्षी इथे प्रयोग होत. हे कोठार आधी पाहावं आणि पत्रं नंतर वाचावीत, असं मी आग्रहाने सांगेन. लंडनमधल्या नावाजलेल्या नटांना अशा खेड्यात आणायचं म्हणजे किती पत्रं लिहावी लागत असतील, ते इथे उभं राहिलं की कळतं.

एलन आणि ईडिथ या मायलेकींची कागदपत्रं वीस हजारांच्या वर आहेत आणि त्यांतला मोठा भाग लंडनला ब्रिटिश लायब्ररीत ठेवलेला आहे. तिथे वाचायला बसण्याच्या परवान्यासाठी, म्हणजे रीडर पाससाठी, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा लागतो. कागद आधी मागवून ठेवावे लागतात. हस्तलिखितांच्या दालनात फक्त पेन्सिल चालते.

मराठी वाचकाने सुरुवात 1909 पासून करावी. सिसिली हॅमिल्टनच्या ‘अ पेजंट ऑफ ग्रेट विमेन’ या स्त्री-मताधिकाराच्या खेळाचं दिग्दर्शन ईडिथचं होतं. पहिला प्रयोग लंडनच्या स्काला थिएटरात झाला. न्याय, पूर्वग्रह आणि स्त्री ही मुख्य बोलती पात्रं. बाकी थोर स्त्रियांची जवळजवळ मूक मिरवणूक, आणि तिच्यातल्या योद्ध्यांत झाशीची राणी! तांब्यांची मनू इंग्रज बायकांच्या मताधिकारासाठी रंगमंचावर आली, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. पुढे शेफील्ड, ब्रिस्टल, स्वान्सी अशा गावांत खेळ गेला, तेव्हा मूक भूमिका स्थानिक बायका करत आणि कपडेपट घेऊन ईडिथ जाई. पन्नासेक बायकांची मापं, पोशाख, तालमीची वेळ, सगळं गावोगावी जुळवायचं. माझ्या मते तिचं निम्मं दिग्दर्शन टपालातच होतं.

1911 साली तिने ‘पायोनियर प्लेयर्स’ ही नाट्यसंस्था काढली. प्रयोग वर्गणीदार सभासदांपुरते असल्याने सेन्सॉरचा परवाना टाळता येई.

वाचताना खरी अडचण तारखेची. अनेकदा वार असतो, साल नसतं. समजा, ‘सोमवार, 8 मे’ एवढंच लिहिलंय. हा वार 1911, 1916 आणि 1922 या तिन्ही साली जुळतो. पाकीट शिल्लक असेल तर तिकीट पाहा. पाचव्या जॉर्जचं एक पेनीचं तिकीट 22 जून 1911 ला निघालं, म्हणजे त्याचा चेहरा दिसला की 1911 बाद. सातव्या एडवर्डचा चेहरा मात्र काहीच सिद्ध करत नाही, कारण जुनी तिकिटं पुढेही वापरात होती. दोन पेनी लावलेले असतील तर 1922 ची शक्यता मोठी. तेव्हा साध्या पत्राचा दर तोच होता. पण 1916 मध्येही एका औंसाहून जड पत्राला दोन पेनी पडत. म्हणून आत किती कागद आहेत तेही मोजावं, आणि पाकीट त्याच पत्राचं आहे ना, हे घड्यांवरून ताडून पाहावं.