'नमुना अपुरा, पुन्हा पाठवा'

परभणीत बाळंतपण सुखरूप झालं. पण दोन दिवस उलटले तरी लेकराला शी झाली नाही, पोट फुगलं, हिरवी उलटी झाली. तिथून छत्रपती संभाजीनगर. बेरियमचा एक्स-रे बघून सर्जन म्हणाले, हिर्शस्प्रंग असावा. आतड्याच्या शेवटच्या भागात चेतापेशीच नसतात, त्यामुळं तो भाग मळ पुढं ढकलत नाही. खात्री बायोप्सीनंच होते, म्हणजे आतड्याच्या त्या भागाचा बारीक तुकडा काढून तपासल्यावरच.

आम्ही अडकलो ते इथं. तांदळाच्या कणीएवढा तुकडा फॉर्मॅलिनच्या डबीत घालून लॅबला दिला. खिडकीवर रोज एकच उत्तर, "दादा, सरांची सही राहिलीय." इकडं नळी घालून सलाइननं आतडं धुतल्याशिवाय लेकराच्या पोटात दूध टिकत नव्हतं. शेवटी कागद हातात पडला: 'नमुना अपुरा, पुन्हा पाठवा'. चेतापेशी बघायच्या त्या अस्तराखालच्या थरात, आणि तो थर तुकड्यात आलाच नव्हता. हे स्लाइड पहिल्यांदा बघितली तेव्हाच कळलं असणार. त्याच दिवशी सर्जनना एक फोन का केला नाही? अजून संताप होतो.

म्हणून सांगतो, तुकडा काढला की लगेच विचारा, खालचा थर आलाय का. लॅबमध्ये कॅलरेटिनिनचा स्टेन (तुकड्याला रंग देऊन करायची खास तपासणी) होतो का तेही विचारा. साध्या स्टेनमध्ये शंका राहिली तर तो फार उपयोगी पडतो. स्लाइड आणि तुकडा ज्यात बसवून ठेवतात तो मेणाचा ब्लॉक मागून घ्या, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेता येतं. आमचा दुसरा तुकडा भूल देऊन, जाड काढला आणि दुसऱ्या लॅबला दिला. निदान पक्कं झालं. पुढं ऑपरेशनमध्ये तेवढा भाग काढून चांगलं आतडं खाली ओढून जोडलं.

घरात आत्याबाईंनी ग्रहण न पाळल्याचा ठपका बायकोवर ठेवला होता. सर्जननी त्यांना समोर बसवून सांगितलं, या पेशी गर्भात वरून खाली सरकत येतात, सातव्या आठवड्याच्या सुमारास टोकाला पोहोचतात. मध्येच थांबल्या की हा आजार. साधारण 5000 जन्मांत एकाला होतो, मुलींपेक्षा मुलग्यांना जास्त. आईचा काही दोष नाही. त्यानंतर मी तो विषय घरात निघू दिला नाही.

आणखी एक, पहिली शी कधी झाली ती वेळ डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्याच. आणि ऑपरेशननंतरही ताप, फुगलेलं पोट, घाण वासाची पातळ शी दिसली तर रात्र असली तरी थेट सर्जनकडं जा. ती आतड्याची सूज असू शकते आणि जिवावर बेतू शकते.