लेझर क्लासचं भांडण: खुर्ची बदलली, मग पाटीही बदलली

परवा क्लबात चहाला बसलो होतो तर एक नवीन मुलगा विचारत होता की सर ही शिडाची बोट लेझर की आयएलसीए, दोन्ही सारख्याच दिसतात मग नावं दोन का. मी म्हटलं बस, वेळ आहे का तुला? कारण यामागचं भांडण म्हणजे आपल्या मुंबईतल्या कुठल्याही सोसायटीच्या एजीएमला लाजवेल असं आहे, आणि खरं सांगायचं तर ते समजायलाही सोसायटीच बरी पडते. आर्किटेक्ट एक, बिल्डर दुसरा, राहणारे तिसरे, आणि बिल्डिंगचं नाव बिल्डरच्या मालकीचं. झालं, आता काय ते समजलं असेल.

आर्किटेक्ट म्हणजे ब्रूस कर्बी, कॅनडाचा. 1969 मध्ये त्याने फोनवर बोलता बोलता ही बोट कागदावर काढली, 1971 च्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या बोट शोमध्ये ती बाजारात आली आणि मग जी काय सुटली ती सुटलीच, आजवर दोन लाखांच्या वर बोटी निघाल्यात. 1996 पासून ऑलिम्पिकला आहे, 2008 पासून मुलींसाठी रेडियलही, म्हणजे तीच बोट पण शीड लहान. एकटा माणूस, एक शीड, दोन तुकड्यांची मास्ट म्हणजे डोलकाठी, शीड मोज्यासारखं मास्टवर चढवायचं आणि निघायचं. सगळ्यांच्या बोटी तंतोतंत एकसारख्या, म्हणजे हरलास तर बोटीला नावं ठेवता येत नाहीत, हेच या क्लासचं, म्हणजे या जातीच्या बोटींचं, सगळं भांडवल.

आता एकसारख्या ठेवायच्या म्हणजे कोण बांधणार हे ठरवावं लागतं, आणि ते क्लासच्या नियमात लिहिलेलं होतं. बिल्डरकडे लेझर या नावाचा ट्रेडमार्क पाहिजे आणि शिवाय कर्बीशी करार पाहिजे. दोन अटी. पुढची सगळी रामायणं या दोन अटींमुळेच.

कॉकपिटच्या, म्हणजे पाय ठेवायच्या खळग्याच्या, मागच्या बाजूला एक छोटीशी पाटी असते बघा, नंबर वगैरे असलेली, जाऊन हात लावून बघ मी त्या पोराला म्हटलं. ती पाटी नसेल तर ती बोट फायबरचा तुकडा आहे, मोठ्या रेसला कोणी उभं करत नाही. पाट्या देणार क्लासची आंतरराष्ट्रीय असोसिएशन, म्हणजेच आयएलसीए. म्हणजे खरी सत्ता अध्यक्षाच्या खुर्चीत नाहीच, ती त्या एवढ्याशा पाटीत आणि त्या नियमाच्या दोन ओळीत आहे.

तर 2011 मध्ये हाइनी वेलमन अध्यक्ष असताना असोसिएशनने सभासदांना मतदानाला सांगितलं की कर्बीवाली अट काढून टाकू, पेटंट केव्हाच संपलंय, कर्बी आणि बिल्डरच्या भांडणात आपण कशाला मरायचं. ऐकायला एकदम शहाणपणाचं वाटतं. नियम बदलायला मत दिलेल्यांपैकी दोन तृतीयांश लागतात, ते मिळाले. मला आजही वाटतं की निम्म्या लोकांनी वाचलंच नसेल, आपण तरी सर्क्युलर कुठे वाचतो. पण त्याचा अर्थ एवढाच होता की भांडणात असोसिएशन बिल्डरच्या बाजूला जाऊन उभी राहिली, तटस्थ वगैरे काही नाही. कर्बी भडकला, 2013 मध्ये अमेरिकेत कोर्टात गेला, बोटी बांधणाऱ्या लेझरपरफॉर्मन्स कंपनीवर तर केस केलीच पण असोसिएशन आणि जागतिक सेलिंग महासंघालाही ओढलं. वर तीच बोट कर्बी टॉर्च नावाने विकायला काढली. ऐंशी ओलांडलेला माणूस हो हा!

मधल्या काळात वरची माणसं बदलली. वर्षानुवर्षं सेक्रेटरी असलेले जेफ मार्टिन गेले, एरिक फॉस्ट आले, अध्यक्षपदी ट्रेसी अशर आले. आणि मार्च 2019 ला एकदम बातमी, लेझरपरफॉर्मन्सची बांधणी परवानगी रद्द. कारण काय तर बांधणीच्या मॅन्युअलप्रमाणे कारखाना तपासायला यायचं होतं आणि कंपनी येऊ देत नव्हती. कंपनीची बाजू अर्थातच वेगळी होती, ते म्हणत होते की हे सगळं आमच्या ट्रेडमार्कवर डोळा ठेवून चाललंय. आणि त्यात अगदीच तथ्य नाही असंही मी म्हणणार नाही, कारण एप्रिलमध्ये असोसिएशनने बोटीचं नावच बदललं. मोठ्या शिडाच्या स्टँडर्डची आयएलसीए 7, रेडियलची 6, सगळ्यात लहान शिडाच्या 4.7 ची 4. मग पुन्हा मतदान, यावेळी ट्रेडमार्कची अट काढायची. तीही निघाली.

म्हणजे बघा, पहिल्या मतदानाने आर्किटेक्ट बाहेर, दुसऱ्या मतदानाने बिल्डर बाहेर. तीच असोसिएशन, तेच सभासद, तोच नियम. नवीन नेतृत्वाने धाडस केलं असं लोक म्हणतात आणि केलंही, पण मला विचाराल तर 2011 ची कमिटी कर्बीला सांभाळून राहिली असती तर 2019 ला हात इतके पोळले नसते. ज्या बिल्डरसाठी एवढं केलं त्यानेच दार लावून घेतलं.

घाई का होती तेही सांगायला पाहिजे. 2024 च्या ऑलिम्पिकसाठी बोट निवडायची होती, स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला चाचण्या झाल्या, तज्ज्ञांच्या पॅनलने आरएस एअरो या दुसऱ्याच बोटीची शिफारस केली होती. आणि महासंघाची अट होती की एकाच कंपनीची मक्तेदारी चालणार नाही, बांधायची मुभा सगळ्यांना खुली पाहिजे. ट्रेडमार्कची अट ठेवून ते कसं जमणार? 2019 च्या मे महिन्यात महासंघाच्या कौन्सिलने पॅनलचं न ऐकता लेझरच ठेवली पण ही अट घालून. ऑलिम्पिक गेलं असतं तर क्लास संपलाच होता, निदान आपल्यासारख्या देशात तरी, कारण सरकारी पैसा ऑलिम्पिकच्या बोटीलाच मिळतो. टोकियोला आपले नेत्रा कुमनन आणि विष्णू सरवणन लेझरवरच गेले होते, पॅरिसच्या वेळी मार्सेलला आयएलसीएवर. विष्णू तर कुलाब्याच्या आर्मी यॉटिंग नोड या लष्कराच्या सेलिंग केंद्राचा, म्हणजे घरचाच.

कर्बीच्या केसचं म्हणाल तर 2020 ला ज्युरीने त्याच्या बाजूने निकाल दिला. त्याचं नाव परवानगी न घेता वापरलं होतं, कुठे, तर त्याच पाटीवर. 2021 मध्ये 92 व्या वर्षी तो गेला.

आता थायलंडपासून अर्जेंटिनापर्यंत बरेच जण बांधतात. जुन्या पाटीच्या बोटी चालतात, त्यामुळे माझ्या खटाऱ्याला काही धोका नाही. नवीन ओरिजिनल शीड मात्र अजून माझ्या खिशाला परवडत नाही, क्लब रेसला मी आपलं डुप्लिकेट लावूनच उतरतो आणि तिथे कोणी बघायला येत नाही.