ओव्हन बंद, तरी ट्रिप

चिपळूणला वहिनींकडे महिनाभर एकच कटकट चालली होती. गिझर लावला की आरसीसीबी (करंट अर्थमध्ये गळला की वीज तोडणारा मेन बोर्डावरचा स्विच) पडायची. मेकॅनिकने गिझरचं एलिमेंट बदलून पैसे नेले, ट्रिप होणं तसंच. मी जन्मभर कारखान्यात मेंटेनन्सला, त्यामुळे शेवटी प्रकरण माझ्याकडे.

मी आधी घरातल्या सगळ्या पिना काढायला लावल्या. गिझर सुरळीत चालला. मग एकेक पिन परत लावत गेलो. ओटीजीची, म्हणजे छोट्या इलेक्ट्रिक ओव्हनची लावली आणि खटका पडला.

"भावजी, ओव्हन बंद आहे हो! बटणसुद्धा वर आहे."

बटण फक्त फेज तोडतं. न्यूट्रल आणि अर्थ पिनेतून जोडलेलेच राहतात. एलिमेंटच्या आत न्यूट्रलकडचं टोक बॉडीला टेकलं असेल, तर गिझरचा परतीचा करंट थोडा अर्थमधून वाट काढतो. तो ३० मिलिअँपिअरच्या आसपास गेला की आरसीसीबी पडणारच. गिझर बिचारा फुकट बदनाम.

पिन काढून ओव्हन उघडला. खालच्या ७५० वॅटच्या एलिमेंटच्या दोन्ही वायर सोडवल्या. टोकाटोकांत मल्टिमीटरवर ७० ओहम. हिशोबाने बरोबर, आणि बरेच जण इथेच "एलिमेंट चांगलं आहे" म्हणून मोकळे होतात. खरी तपासणी टोक आणि बॉडी यांच्यात; तिथे जोड दिसायलाच नको. एकीकडून ६, दुसरीकडून ६४. बेरीज पुन्हा ७०! म्हणजे एलिमेंटच्या नळीतली तापणारी कॉइल बॉडीला कुठे टेकली तेही कळलं: न्यूट्रलच्या टोकाजवळ. तिथे नळी फुगून चिरली होती. एलिमेंट बदललं, विषय संपला.

कोकणात दुसरा प्रकारही बघायला मिळतो. नळीत कॉइलभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पावडर ठासलेली असते, ती दमट हवेतलं पाणी ओढते. पावसाळाभर पडून राहिलेला ओव्हन गणपतीत लावला की ट्रिप. यात मल्टिमीटर बऱ्याचदा फसवतो, कारण त्याचे जेमतेम काही व्होल्ट. ५०० व्होल्टचा मेगर (जास्त व्होल्ट देऊन गळती तपासायचं मीटर) लावला की गळती दिसते. असं एलिमेंट काढून दुसऱ्या ओव्हनमध्ये मंद आचेवर तास-दोन तास सुकवलं की बहुतेक वेळा सुधारतं. सुकवून परत मेगर लावायचा, तरीही गळती दिसली तर नवं आणायचं.

अर्थची वायर कापून "आता ट्रिप होत नाही बघा" म्हणणारे महाभाग मात्र दारात उभे करू नका. ट्रिप थांबते, पण ओव्हनच्या पत्र्यात करंट उतरतो आणि हात लावणारी वहिनी असते.