१२ सोपे, १० अवघड

बारावीचा निकाल २१ मे २०२४ ला लागला आणि त्याच संध्याकाळी मी घरात जाहीर करून टाकलं, की मी बीएससी करणार आणि वनस्पतिशास्त्र घेणार. घरच्यांनी दोन दिवस तोंड पाडलं, मग "निदान फॉर्म तरी वेळेत भर" इथवर आले. मला वाटलं झालं. सायन्सची बारावी आहे, बायो आहे, विषय ठरलाय, आणखी काय लागतं?

आमची बॅच नव्या शैक्षणिक धोरणाची. स्वायत्त कॉलेजांत ते आधीच्याच वर्षी सुरू झालं होतं, आमच्यासारख्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून. त्यामुळे दादाचा एकही सल्ला कामाला आला नाही. त्याच्या वेळी एफवायला विषय जास्त, मग दरवर्षी गळत गळत टीवायला एक उरायचा. भाषा आणि पर्यावरण तोंडी लावण्यापुरतं. माझ्या फॉर्मचं दुसरं पान उघडलं तर समोर आठ रकाने. विषय १, विषय २, विषय ३ आणि खाली ओई, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस. दादा म्हणाला, "हे काय, औषधांची नावं आहेत का?"

सत्राचे एकूण २२ क्रेडिट. त्यातले १२ तीन मुख्य विषयांचे, प्रत्येकी चार, म्हणजे दोन थिअरीचे आणि दोन प्रॅक्टिकलचे. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचा ३०. उरलेले १० त्या पाच आद्याक्षरांचे, दोन-दोन. १२ क्रेडिटचं मी दहा मिनिटांत उरकलं. १० क्रेडिट आणि त्यांच्यामागच्या कागदपत्रांनी सहा दिवस खाल्ले.

आधी त्या दहा मिनिटांत केलेली चूक सांगते. आमच्याकडे पहिल्या वर्षी तीन विषय, आणि दुसऱ्या वर्षी त्यातलाच एक मेजर (मुख्य), एक मायनर (दुय्यम), तिसरा सुटतो. (काही कॉलेजांत मेजर पहिल्याच दिवशी ठरतो, तिथे हा प्रश्नच नाही.) मी वनस्पतिशास्त्र आणि रसायनशास्त्र टाकलं आणि तिसरा विषय 'सुटणारच आहे' म्हणून प्राणिशास्त्र ठोकून दिला. खरं तर मला भूगोल हवा होता, पण तो आमच्या गटात बसत नव्हता. वेळापत्रकच तसं. इथवर ठीक. पण दुसऱ्या वर्षी मेजरच्या जागा पहिल्या वर्षाच्या गुणांवर वाटतात, हे मला ऑगस्टमध्ये एका सीनिअर ताईकडून कळलं. म्हणजे वनस्पतिशास्त्र हुकलं तर उरलेल्या दोनांपैकीच एक गळ्यात पडणार होता. 'सुटणारा' विषय तीन वर्षं पुरू शकतो, हे फॉर्म भरताना माहीत असतं तर मी निदान त्याचा अभ्यासक्रम उघडून पाहिला असता. हा माझा आळस, कॉलेजचा दोष नाही.

ओई म्हणजे खुला ऐच्छिक विषय. नियम असा, की तो आपल्या शाखेबाहेरचा हवा. सायन्सवाल्यांनी आर्ट्सचा किंवा कॉमर्सचा घ्यायचा, बारावीत शिकलेलं परत घ्यायचं नाही. कल्पना मला मनापासून आवडते. अडचण इतकीच, की यादीत काय असणार हे कॉलेजात कोण शिक्षक मोकळे आहेत त्यावर ठरतं. आमच्या यादीत सहा विषय होते. त्यातल्या 'महाराष्ट्रातील किल्ले' वर माझा डोळा होता. शुक्रवारी सकाळी दहाला लिंक उघडणार होती, आधी येईल त्याला जागा. मी दहा वाजून चार मिनिटांनी लॉगिन केलं. किल्ला पडला होता. मिळालं कॉमर्सचं 'वैयक्तिक अर्थनियोजन', तेही सकाळी साडेसातला, कारण तिन्ही शाखांची ओई एकाच वेळी लावायची तर तीच एक वेळ सगळ्यांची रिकामी.

आणि तोच तास वर्षभर मी सगळ्यात कमी बुडवला. पहिल्या आठवड्यात मॅडमनी घरचा महिन्याचा खर्च लिहून आणायला सांगितला. आईने वहीचं पान फाडून किराणा, दूध, गॅस, भिशी असं लिहिलं आणि खाली 'इतर' म्हणून एवढी मोठी रक्कम, की बाबा चष्मा शोधायला उठले. त्या 'इतर'ची फोड करण्यात आमचा एक रविवार गेला.

एसईसी म्हणजे कौशल्याचा विषय. एईसी म्हणजे भाषा. मी मराठी घेतली. ती सोपी जाईल म्हणून घेणाऱ्यांनी शुद्धलेखनात मार खाल्ला. मीही त्यात आहे, ऱ्हस्व-दीर्घ. व्हीईसीला, म्हणजे मूल्यशिक्षणाला, आम्हाला पर्यावरण होतं. आयकेएस, म्हणजे भारतीय ज्ञानप्रणाली, याबद्दल फार चांगलं लिहिता येणार नाही. एका हॉलमध्ये एकशे वीस मुलं, एक माइक आणि परीक्षेच्या आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या नोट्स. चांगल्या शिक्षकाच्या हातात हाच विषय भारी होऊ शकला असता.

आता सहा दिवस कसे गेले ते. एबीसी आयडी! अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समधलं आपलं खातं, १२ अंकी नंबर, डिजिलॉकरमधून आधारवर निघतो. मिळवलेले क्रेडिट त्यात जमा होतात. कॉलेज बदललं, मध्ये शिक्षण सोडून परत आलो, तरी हिशेब तिथेच. आयडी काढायला पाच मिनिटं लागतात, पण नाव आधारप्रमाणे येतं. माझ्या आधारवर वैष्णवी 'डब्ल्यू'ने आहे, मार्कशीटवर 'व्ही'ने. लहानपणी आधार काढताना ऑपरेटरने जसं ऐकलं तसं टाइप केलं आणि दहा वर्षं कुणाचं काही अडलं नाही. कॉलेजच्या खिडकीवरच्या काकांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, बोट फिरवत आले आणि त्या एका अक्षरावर थांबले.

"बाळा, हे नाही चालायचं."

"काका, उच्चार तर एकच आहे."

"उच्चार मला कळतो. कॉम्प्युटरला कळत नाही."

मग आधार केंद्र. पहिल्या दिवशी टोकन संपली होती, दुसऱ्या दिवशी सर्व्हर. तिसऱ्या दिवशी अर्ज गेला. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं हेही तिथेच कळलं, त्यामुळे स्क्रीनवरचं एकेक अक्षर मी मोठ्याने वाचून घेतलं आणि मागची रांग वैतागली. सुधारणा होईपर्यंत कॉलेजने हमीपत्रावर तात्पुरता प्रवेश दिला. ज्यांचा निकाल अजून लागायचाय त्यांनी आजच आधार आणि दहावीची मार्कशीट शेजारी ठेवून पाहावी. बाकी कागद नेहमीचेच: लीव्हिंग, मार्कशीट, फोटो, लागू असेल तर जातीचा दाखला आणि नॉन क्रिमीलेअर. लीव्हिंगच्या चार झेरॉक्स जास्तच काढा, कारण मूळ प्रत कॉलेजात जमा झाली की ती परत हातात येईल या भरवशावर राहू नये.

दुसऱ्या सत्रात सीसी आलं, म्हणजे सहअभ्यासक्रम: एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना), खेळ, योग यांतलं काहीतरी. मी एनएसएस घेतलं. सगळ्यांना वाटतं फुकटचे क्रेडिट आहेत. वर्षाचे १२० तास आणि प्रमाणपत्र हवं तर दोन वर्षांत २४०, शिवाय सात दिवसांचं शिबिर. बंधाऱ्यासाठी दगड वाहून हाताला फोड आले तेव्हा माझ्या मैत्रिणी योगवर्गात शवासनात होत्या.

वनस्पतिशास्त्र मिळालं, मेजर म्हणून. मायनर रसायन, प्राणिशास्त्र सुटलं. एबीसी खात्यात नाव आता 'व्ही'ने दिसतं आणि त्याखाली पहिल्या वर्षाचे ४४ पैकी ४२ क्रेडिट. राहिलेले दोन एनएसएसचे. काकांना विचारलं, तर रजिस्टरमधून मान वर न करता म्हणाले, "येतील."