आधी खिसे, मग पिशवी

डोंबिवलीहून रोज सीएसएमटीला जाणाऱ्या बाईच्या खांद्यावर काय काय असतं, ते एकदा पलंगावर मांडून बघा. डबा, लिटरची बाटली, घडीची छत्री, मोबाइल, चार्जर, चाव्या, पाकीट, पास, गोळ्यांची पट्टी, आणि येताना स्टेशनबाहेर घेतलेली मेथीची जुडी. 2018 साली राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हापासून कापडी पिशव्या जिकडे तिकडे मिळतात. पण बहुतेकींच्या आत नुसती पोकळी. दारात उभं राहून चावीसाठी अर्धी पिशवी उपसायची, हे रोज किती जणींच्या वाट्याला येतं! म्हणून मी शिवायला बसते तेव्हा पिशवीचं माप सगळ्यात शेवटी ठरवते. सुरुवात खिशांपासून.

पलंगावरच्या वस्तूंचे मी वेळेप्रमाणे गट करते. प्लॅटफॉर्मवर काय लागतं, गाडीत काय लागतं, ऑफिसात पोचल्यावर काय आणि घराच्या दाराशी काय. मोबाइल आणि पाकीट गाडीच्या गर्दीत अंगाला चिकटून राहिलं पाहिजे, म्हणून चेनचा खिसा पाठच्या बाजूला, पोटाशी येईल असा. लोकलमध्ये पिशवी पुढेच घ्यावी लागते, तेव्हा ती बाजू आपोआप सुरक्षित होते. चाव्यांना खिसा देत नाही. आतल्या शिवणीत एक नाडी आणि तिला हुक. नाडी ओढली की चावी हातात.

खिसा वस्तूच्या रुंदीवरून कापायचा नसतो, घेरावरून कापायचा. बाटलीला टेप गुंडाळून बघा, घेर साधारण 10 इंच भरतो. अस्तरावर खिशाला मी 4 इंच जागा देते, पण पुढचं कापड 8 इंच कापते. दोन्ही कडांना अर्धा-अर्धा इंच शिवणीत गेला की 7 उरतात. मागचे 4 आणि पुढचे 7 मिळून 11, म्हणजे बाटली सहज आत-बाहेर होण्यापुरता एक इंच सैल. खालच्या बाजूला जास्तीचं कापड दोन चुण्या घालून बसवायचं, वरचं तोंड तसंच मोकळं सोडायचं. सपाट तुकडा लावून टाकलेल्या खिशात बाटली घातली की तो मागचं सगळं कापड ओढून घेतो आणि पिशवी वाकडी लटकते. बाटलीच्या खिशाला मी इलॅस्टिक कधी लावत नाही, वर्षभरात ते ढिलं पडतं.

जुन्या लोकांची चंची आठवा. एकावर एक कप्पे. पानं, सुपारी, कात, चुन्याची डबी, ज्याची त्याची जागा ठरलेली. गुंडाळली, नाडी बांधली की झालं. गप्पांच्या ओघात, खाली न बघता, माणसं नेमकी सुपारी काढत. खिसा असा हाताला पाठ झाला पाहिजे. म्हणूनच मला पंधरा खिशांच्या बॅगा पटत नाहीत. कुठल्या खिशात काय ठेवलं हे शोधण्यातच वेळ जातो. पाच-सहा खिसे पुरतात.

आता कापड. मंगलदास मार्केटमधून जाड सुती कॅनव्हास एक मीटर, अस्तराला मांजरपाट. दोन्ही कोरी कापडं आधी पाण्यातून काढून, वाळवून, इस्त्री करून मगच कापायची. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, आणि कॅनव्हास व अस्तर वेगवेगळं आटलं तर शिवलेली पिशवी फुगे धरते. अस्तर नेहमी फिकट रंगाचं. काळ्या अस्तरात काळा चार्जर शोधून बघा, म्हणजे कळेल.

डबा आडवा होऊ नये म्हणून तळ 5 इंचांचा धरला. तयार पिशवी 13 इंच रुंद, 14 उंच. त्यासाठी कापड अखंड, 19 बाय 35. मधोमध दुमडून बाजू शिवल्या की खालचे दोन्ही कोपरे चिमटीत धरून त्रिकोण करायचा आणि टोकापासून अडीच इंचांवर आडवी टीप मारायची. तिथे तिची लांबी बरोब्बर 5 भरते, तोच तळ.

पट्ट्यांबद्दल मात्र मी हट्टी आहे. नुसते वरच्या कडेला शिवलेले पट्टे पहिले तुटतात. मी दीड इंची सुती बेल्ट, जुन्या खाटेच्या नवारीसारखा जाड, साधारण तीन मीटर घेते आणि पुढून तळाखालून मागे असा सलग फिरवते. डब्याचं, बाटलीचं वजन मग शिवणीवर न येता बेल्टवर येतं. शिवाय दोन बेल्टच्या मधे बाहेरचा खिसा बसवला की त्याच्या कडा बेल्टखाली दबतात, दोन्हींना एकच टीप पुरते. छत्रीचा खिसाही तसाच: एक कड बेल्टखाली, दुसरी बाजूच्या शिवणीत. त्याला मी मोडक्या छत्रीचं कापड वापरते आणि खाली एक आयलेट ठोकते, म्हणजे पाणी साचत नाही. या कापडाला टाचण्या लावायच्या नाहीत, भोकं कायमची राहतात. कपडे वाळत घालायचे चिमटे लावा. बेल्ट आणि हे बाहेरचे खिसे बाजू शिवायच्या आधी, कापड सपाट असतानाच लावून घ्यायचे.

घरच्या साध्या मशीनवर हे सगळं होतं. सुई 16 नंबरची, जाड जागी 18. दोरा पॉलिएस्टरचा, टाका थोडा लांब. बारीक टाक्यांनी कॅनव्हासला जवळजवळ भोकं पडून तो तिथेच फाटतो. बेल्ट, कॅनव्हास आणि दुमड एकत्र येते तिथे मशीन अडतं. तिथली दुमड पाट्यावर ठेवून बत्त्याने ठोकते. चार ठोक्यांत ती बसते, कापडाचा ताठरपणा जातो, मग पायडल सोडून हातचाकाने एक-एक टाका घ्यायचा. खिशाच्या तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांना छोटा त्रिकोण शिवते, कारण खिसा उसवायला तिथूनच सुरुवात होते.

बाजूंना आतल्या अंगाने टिचबटणं लावली आहेत. सकाळी ती बंद, पिशवी सडपातळ, गर्दीत कुणाला लागत नाही. संध्याकाळी उघडली की तोंड ऐसपैस होतं आणि मेथी उभी राहते. लांब पट्टा हुकाचा, हवा तेव्हा तिरका अडकवायचा, नको तेव्हा काढून ठेवायचा.

सध्या वहिनींसाठी एक शिवते आहे. त्या डावखुऱ्या, त्यामुळे सगळे खिसे आरशात दिसावे तसे उलटे लावायचे आहेत. बाटली उजवीकडे, चावीची नाडी डावीकडे. पाठच्या खिशाची चेन कुठल्या दिशेने उघडायची ते अजून नक्की नाही. रविवारी त्या येतील तेव्हा जुन्या चादरीचा तुकडा त्यांच्या पोटाशी धरून, हात कुठे जातो तिथे खडूने खूण करून घेईन.